शालनआत्यांची मंडळी

नेरूळला राहायला येऊन आम्हाला महिनाही झाला नव्हता. एक्क्याण्णव-ब्याण्णव सालची गोष्ट. लग्न नवं, घर नवं, भिंतीला पाठ टेकली की साडीवर चुना उमटायचा. अनिल कामावर गेले की अख्ख्या सोसायटीत माझ्या ओळखीचं एकही माणूस नसायचं. एका सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालताना लहानपणी नगरच्या चर्चमध्ये शिकलेलं एक भजन माझ्या तोंडात आलं. कोणी ऐकायला नाही म्हणून जरा मोठ्यानेच म्हणत होते.

"ओ वरच्या बाई! दुसऱ्या कडव्याची चाल चुकली!"

मी दचकून खाली वाकून पाहिलं. खालच्या मजल्याच्या गॅलरीतून एक गोल चेहरा वर वळलेला, कपाळावर पीठ लागलेलं, आणि डोळ्यांत लॉटरी लागल्यासारखा आनंद. मी काही बोलायच्या आत चेहरा नाहीसा झाला आणि जिन्यात चपला वाजायला लागल्या. दार उघडलं तर त्या धापा टाकत उभ्या, कणकेचे हात तसेच.

"कुठल्या तुम्ही? नगरच्या ना? चालीवरूनच ओळखलं! किती दिवस झाले येऊन? तीन आठवडे? आणि मी खाली बसून तीन आठवडे पोळ्या लाटतेय! अगं बया, काय म्हणावं याला!"

सातव्या वाक्याला 'अगं' आणि आठव्याला माझ्या गालांवर कणीक. माझं नाव विचारायचं त्यांना जिना उतरताना आठवलं.

या शालनआत्या. माहेर जालन्याचं, सासर श्रीरामपूरकडचं, नोकरी टेलिफोनमध्ये ऑपरेटरची. ट्रंक कॉल जोडून देण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळे समोर बसलेल्या माणसाशीही त्या नागपूरला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायच्या. यजमान दिनकरराव अगदी उलटे. दिवसभरात जेमतेम चार वाक्यं बोलणारे. आत्या त्यांना 'आमचे साहेब' म्हणायच्या. साहेबांकडे हार्मोनियम होता, आणि आत्या नेतील तिथे तो उचलून नेणं हे त्यांचं संसारातलं मुख्य काम होतं.

आम्ही मराठी ख्रिस्ती लोक चर्चला मंडळी म्हणतो. घरच्या माणसांनाही मंडळीच म्हणतात. या दोन मंडळींत काही फरक असतो हे आत्यांना ठाऊकच नसावं. नव्या मुंबईत तेव्हा आमच्यासारखी कुटुंबं विखरून पडली होती. कुणी वाशीला, कुणी ऐरोलीला, कुणी तळोज्याच्या कारखान्यात. कुणाला कुणाचा पत्ता नाही. आत्यांनी ती एकेक करून वेचली. बाजारात भाजी घेताना कोणी, आमच्यात भेटल्यावर म्हणतात तसं, 'सलाम' म्हटलेलं कानावर आलं की हातातली मेथी टाकून त्या त्या माणसामागे जायच्या. डिसेंबरात कुणाच्या खिडकीत चांदणी टांगलेली दिसली की रिक्षा थांबवायच्या. एकदा चांदणीच्या घरात शिरल्या तर ते गुजराती दुकानदार निघाले, पोरांनी हौस म्हणून टांगली होती. आत्या तिथे चहा पिऊन, ढोकळा खाऊन, त्यांना नाताळचं आमंत्रण देऊन परत आल्या. आणि ती माणसं खरोखर आली!

सुरुवातीला उपासना आत्यांच्याच हॉलमध्ये व्हायची. मग माणसं जिन्यापर्यंत बसायला लागली, तेव्हा जवळच्या एका बालवाडीचा वर्ग रविवारपुरता मिळाला. खुर्च्या सगळ्या चिमुकल्या, लाल-पिवळ्या. त्यांवर नोकरीतले, निवृत्त झालेले, चांगले सुटाबुटातले लोक गुडघे छातीशी घेऊन बसायचे. भिंतीवर 'अ अननसाचा'. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, महिन्याच्या पहिल्या रविवारी खाडीपलीकडून यायचे आणि प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटून घ्यायचा, विधी करायचे. इतर रविवारी आमचे आम्हीच.

तिथे आत्यांचा एक कायदा होता. मागच्या रविवारी ज्याच्या शेजारी बसलात त्याच्या शेजारी आज बसायचं नाही. नवरा-बायकोने तर मुळीच नाही.

"आपलंच माणूस शेजारी घेऊन बसायचं तर घरीच बसा की. तिथे खुर्च्या तरी मोठ्या आहेत."

आशीर्वाद झाला म्हणून उपासना संपली असं त्या कधी मानत नसत. सगळे उठायला लागले की दारात आडव्या उभ्या राहायच्या. "आज कोण आलं नाही?" मग आम्ही आठवायचो. ऐरोलीचे साळवे दिसले नाहीत. त्यांच्या धाकटीला ताप आहे वाटतं. वाटतं म्हणजे काय? चला! आणि आम्ही पाच-सहा जण, हार्मोनियमसकट दिनकरराव, ऐरोलीला. साळव्यांची मुलगी तापात, आणि घरात गाणी. परतताना आत्या खूश. "उपासना तासाभराची, मंडळी आठवड्याची," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आता, आमच्यात सगळं गोडच होतं असं नाही. नगरकडच्यांची एक चाल, जालन्याकडच्यांची दुसरी. एका रविवारी एकाच भजनावरून अशी जुंपली की अर्धा वर्ग एका चालीत आणि अर्धा दुसऱ्या चालीत, दोन्ही बाजू आवाज चढवून. दिनकररावांनी हार्मोनियमवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. आम्हाला वाटलं, आत्या चिडणार. त्या टाळ्या वाजवत उठल्या. "वा! एवढ्या जोरात तर नाताळलासुद्धा गायला नव्हता! आता नगरवाल्यांनी जालन्याची चाल म्हणायची, जालनावाल्यांनी नगरची. बघू कुणाची मंडळी हुशार!" त्यानंतरचा गोंधळ काय वर्णावा. दोन्ही पक्ष चारी मुंड्या चीत. हसून हसून गायकवाडकाकांच्या चिमुकल्या खुर्चीचा पाय मोडला.

गायकवाडकाका म्हणजे आमच्या मंडळीतले वडील. निवृत्त मुख्याध्यापक, सरळमार्गी, इस्त्रीच्या कपड्यांतला माणूस. काकी त्यांच्या मागे मागे, डोक्यावर पदर, बोलणं नाहीच. आत्या आणि काकांचं फारसं पटत नसे, पण एकमेकांवाचून चालतही नसे. शिस्त त्यांची, धावपळ यांची.

आणि मग कमल आली.

पस्तिशीची असेल. मराठवाड्यातली. तळोज्याच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायची, शिरवणे गावात एका आगरी म्हातारीच्या खोलीत भाड्याने राहायची. नवरा टँकरवर ड्रायव्हर होता, तो वारला होता. सासरच्यांनी दार लावून घेतलेलं, माहेर उरलेलं नाही. आवाज मात्र असा की भजन सुरू झालं की सगळ्यांनी आपोआप तिच्या मागे जावं. आत्या तर तिच्यावर बेहद्द खूश.

पण कमल महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवचन संपलं की निघून जायची. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा आत्या प्रभुभोजन सोडून तिच्यामागे रस्त्यावर धावल्या. मी त्यांच्या शेजारी बसले होते, मीही गेले. बसस्टॉपजवळ त्यांनी तिला गाठलं.

"काय गं? प्रभूच्या मेजावर सगळ्यांना बोलावणं आहे आणि तू भरल्या ताटावरून उठून जातेस? कुणी बोललं का तुला? नाव सांग फक्त!"

कमल म्हणाली, "प्याला एकच असतो ना, आत्या. सगळे त्यालाच तोंड लावतात."

"मग?"

"मालकांना जो आजार होता, तो मलाबी हाय."

त्या काळी त्या आजाराचं नाव माणसं मोठ्याने घेत नसत. भिंतीवरच्या जाहिरातीत ते नाव असायचं आणि खाली कवटी काढलेली. आत्यांनी कमलचा हात धरला, बस आली, गेली, तरी धरूनच उभ्या.

"गोष्ट तुझी आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "सांगायची की नाही ते तू ठरव. सांगितलीस तर नोकरी जाईल, खोलीही जाईल कदाचित. नाही सांगितलीस तर माझ्या तोंडून मरेपर्यंत जाणार नाही. या प्रमिलाच्याही नाही."

पुढच्या रविवारी साक्षीची वेळ आली, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते ज्याला वाटेल त्याने उठून सांगायचं, तेव्हा कमल उभी राहिली. "मी इथं गाणी म्हनते अन् आतून चोरावानी वाटतं," एवढ्यापासून सुरू करून तिने सगळं सांगितलं. रडली नाही. सांगून झाल्यावर त्या पिवळ्या खुर्चीवर बसली. तिच्या बाजूच्या बाईने आपल्या मुलाला उचलून मांडीवर घेतलं. मुद्दाम नसेल, पण घेतलं.

त्यानंतरच्या रविवारी वर्ग अर्धा रिकामा!

आत्यांच्या घरी बैठक झाली. गायकवाडकाका वाईट माणूस नव्हते, हे मला पुन्हा सांगायला हवं. त्यांच्या कपाळावर घाम होता. "माझी नातवंडं आहेत हो शालनबाई. उद्या काही झालं तर कोण जबाबदार? मी कुणाला हाकला म्हणत नाही. प्रत्येकाला वेगळ्या छोट्या पेल्या आणू. कितीतरी मंडळ्यांत असतात."

"असतात की. आणा खुशाल, देव काही रागावणार नाही," आत्या म्हणाल्या. "पण कमल आली म्हणून आणल्या, तर त्या पेल्या नव्हेत काका, ती भिंत झाली. आणि तिला ती बरोब्बर दिसेल."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते! खोटं कशाला बोलू? झोप उडालीय माझी."

मग आत्या गेल्या आणि आमच्याच रस्त्यावर दवाखाना असलेल्या डॉक्टरांना घेऊन आल्या. अलिबागकडचे मुसलमान गृहस्थ, शांत, चष्मा पुसत बोलणारे. त्यांनी आम्हाला समजावलं. प्याल्याने नाही, ताटाने नाही, हातात हात घेतल्याने नाही. आम्ही शाळकरी मुलांसारखे प्रश्न विचारले, त्यांनी सगळ्यांची उत्तरं दिली. निघताना ते म्हणाले, "डोक्याला पटलं असेल. पोटाला पटायला वेळ लागेल. ते औषध माझ्याकडे नाही."

हे वाक्य आत्यांनी झेललंच. डॉक्टर जिना उतरले नसतील तोच त्या उठून उभ्या. "बरोबर आहे! पोटाचा प्रश्न पोटानेच सोडवायचा! कमलच्या घरी जेवायला जायचं! सगळ्यांनी!"

"तिला न विचारता?" काका म्हणाले.

"विचारते की! आत्ता जाते!"

कमलला विचारलं तेव्हा ती आधी घाबरली आणि मग इतकी लाजली की तिने तोंडावर पदर घेतला. लग्न झाल्यापासून तिच्या घरी कुणी पाहुणा जेवलेला नव्हता. तिला मदत हवी का असं आम्ही विचारलं, तर म्हणाली, "नगं. माज्या हातचं जेवायला येताय ना? मग मीच करनार."

रविवारी दुपारी आम्ही शिरवण्याला निघालो. जितके आले तितके. पेल्यांची गोष्ट काढणारे काका आले नव्हते, पण काकी आल्या होत्या, एकट्या, डोक्यावर पदर घेऊन. वाटेत आत्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"प्रमिला, माझ्या पोटात गोळा आलाय गं."

"मग परत जायचं का?"

"छे! भूकही लागलीय."

खोली एवढीशी. आम्ही आत, ओट्यावर, दारातल्या आंब्याखाली, जागा मिळेल तिथे बसलो. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याचं कालवण, तळलेल्या मिरच्या. कमल घामाने निथळत भाकऱ्या थापत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते मी नवरीच्याही चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. आत्यांनी पहिला घास उचलला. हात क्षणभर थांबला, मी पाहिलं. मग तोंडात गेला. मग डोळे मोठे झाले. "अगं, हे कालवण म्हणजे काय आहे! साहेब, अहो साहेब, हे खाऊन बघा!" आणि मग एकच गिल्ला. वाढ, आण, अजून एक, मला कोर दे. भीतीचं काय झालं ते कळलंच नाही. कालवणाच्या वाटीत बुडाली असावी.

घरमालकीण जनाबाई ओट्यावर पाय सोडून बसली होती. नाकात मोठी नथ, तोंडात पान. आमच्याकडे बघून म्हणाली, "मना बी सांगाला आलती मानसं, हिला काढ म्हनून. मी बोलले, माजे घरान कोन रवाचा त्ये मी ठरविन. तुमी देवाचे लोक. तुमाला यवाला येवढे दिस कशाला लागले?"

आत्या उठल्या, जनाबाईच्या पाया पडल्या आणि म्हणाल्या, "चुकलं, आजी. आता तुमच्या हाताने वाढा."

पहिला रविवार उजाडला. पाळकसाहेबांच्या कानावर सगळं गेलं होतं, त्यांनी काही न बोलता नेहमीचाच एक प्याला मेजावर ठेवला. पाच-सहा जणांनी एका ओळीत गुडघे टेकायचे, प्याला एकाकडून दुसऱ्याकडे जायचा. कमल मधोमध टेकली. तिच्यानंतर आपण, असं आत्यांनी आठवडाभर ठरवून ठेवलं होतं. त्या खुर्चीवरून उठल्या, पदर सावरला, पुढे झाल्या आणि थबकल्या. ती जागा भरलेली! गायकवाडकाकी कधी उठल्या, कधी गेल्या, कुणाला कळलं नाही. जन्मात आवाज न केलेली ती बाई कमलच्या खांद्याला खांदा लावून गुडघ्यांवर बसली होती. कमलनंतर प्याला तिच्याकडे आला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला आणि ती प्यायली. मागे काका खुर्चीवर ताठ बसून होते. ते त्या दिवशी उठले नाहीत. पुढच्या महिन्यात उठले.

बाहेर आल्यावर आत्या रस्त्यावरच उड्या मारायच्या बाकी. "माझी जागा पळवली हो! माझी जागा पळवली त्या बाईने! प्रमिला, आपण मंडळी झालो गं! आज झालो!"

सगळे परत आले असं नाही. काही कुटुंबं दुसरीकडे जायला लागली ती गेलीच. आत्या प्रत्येक नाताळला त्यांच्याकडे करंज्या घेऊन जायच्या, आणि टोमणा एकही मारायच्या नाहीत. कमलची कँटीनची नोकरी सुटली, तेव्हा काकींनी तिला आपल्या स्वयंपाकघरात नेलं आणि दोघींनी मिळून डबे सुरू केले. दोघींत एक बोलत नसे, दुसरी गात असे. चांगलं जमलं.

पुढची काही वर्षं कमल आमच्यात गात राहिली. मग हळूहळू खंगली. तिच्या आजारावरची औषधं तेव्हा आमच्यासारख्यांच्या आवाक्यात नव्हती. शेवटच्या महिन्यांत तिला अंघोळ घालायला, केस विंचरायला, नुसतं शेजारी बसायला पाळ्या लागल्या होत्या, आणि आपली पाळी चुकली तर बायका भांडायच्या. जनाबाई दारात बसून कुणाला आत सोडायचं ते ठरवायची. पेज गायकवाडकाका स्वतः भरवायचे, इस्त्रीच्या शर्टावर टॉवेल टाकून.

ती गेली त्याच सुमारास आत्यांचं नेरूळ सुटायचं ठरलं होतं. हाताने लाइन जोडायचं काम संपत आलं होतं. आत्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली, आणि दिनकररावांना गावाकडच्या शेताची ओढ लागली होती. सामानाची खोकी बांधून झाली होती, टेम्पो सांगितलेला होता. कमलच्या मातीच्या दुसऱ्याच दिवशी ती दोघं श्रीरामपूरला गेली. त्यानंतर आमची भेट झाली नाही. म्हणून मातीच्या दिवशीच्या आत्याच माझ्या डोळ्यांसमोर राहिल्या आहेत.

ऊन चढलं होतं. कबरस्तानात आम्ही सगळे उभे होतो. बालवाडीची मंडळी, डबे घेणारी माणसं, डॉक्टर, आगरी बायकांचा घोळका घेऊन आलेली जनाबाई. पाळकसाहेब त्या दिवशी दुसऱ्या गावी होते, म्हणून एक तरुण पाळक बदली आले होते. त्यांना कुणाचीच माहिती नव्हती. शवपेटी खाली उतरली. त्यांनी प्रार्थना केली, पुस्तक मिटलं आणि रीतीप्रमाणे म्हणाले, "आता मृताच्या नातेवाइकांनी प्रथम पुढे येऊन माती द्यावी."

कमलचं नात्याचं कोणीच आलेलं नव्हतं.

मग गायकवाडकाकी पुढे झाल्या. त्याच वेळी दुसऱ्या बाजूने जनाबाई. मग काका, साळवे, त्यांच्या मुली, डॉक्टर, मी, अनिल, आणि मग सगळेच, एकदम! कोण आधी, कोण मागे, काही राहिलं नाही. माती उचलायला माणसं एकमेकांवर आदळत होती, बायका पदर खोचून वाकल्या होत्या, कुणाची चप्पल निघाली, कुणीतरी भजन उचललं, कोणत्या चालीत ते कुणाला कळलं नाही, आणि त्या गर्दीच्या मध्यभागी शालनआत्या, रडत आणि हसत, "ढकलू नका रे, सगळ्यांना मिळेल!"

तरुण पाळक गोंधळून बाजूला झाले होते. पुस्तक छातीशी धरून त्यांनी विचारलं, "बाई, मी नातेवाईक म्हटलं होतं..."

आत्या गर्दीतून बाहेर आल्या. हात कोपरापर्यंत मातीने भरलेले, केस सुटलेले, चेहरा उन्हात लाल. त्यांच्याकडे वर बघत म्हणाल्या,

"जरा थांबावं लागेल हं, पाळकसाहेब. तिचे नातेवाईक फार आहेत."